पडद्यावरचा चार

"मला वेड लागतंय का, तेवढं शोधून द्या," ताई म्हणाल्या आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या.

मास्तरांकडे लोक यायचे ते हरवलेला नवरा नाहीतर हरवलेली गाडी शोधायला. स्वतःचं डोकं ठिकाणावर आहे का, असं विचारणारं कोणी आजवर आलं नव्हतं. मास्तर पूर्वी कॉम्प्युटरचे वर्ग घेत. ते बंद करून त्यांनी खासगी तपासाचा उद्योग सुरू केला होता. मदतीला त्यांचा मेहुणा होता. बहिणीच्या, म्हणजे मास्तरांच्या बायकोच्या, आग्रहामुळे त्याला हे काम मिळालं होतं. अंगाने पैलवान, पण दार आपटलं तरी दचकायचा.

ताई एका मोठ्या लॉन्ड्रीत बॉयलर चालवत. हॉटेलांच्या चादरी धुवायला आणि इस्त्रीला लागणारी वाफ त्यांच्या ताब्यात असे. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात एक पाइप कुठून गळतो ते बघायला फिटर पाइपांच्या बाजूला आत उतरणार होता. त्यासाठी थोडी वाफ हवी होती, पण दाब चारच्या वर जाता कामा नये. एरवी मर्यादा दहा असते. ती आता कॉम्प्युटरवर ठरवायची; दाब तिथे पोचला की आग आपोआप बंद होते.

"मी चार टाकला. पडद्यावर चार दिसला, खाली हिरव्या अक्षरात 'जतन झाले' आलं. मग मीच फिटरला सांगितलं, जा बिनधास्त."

पाइपचा जोड फुटला आणि वाफ फिटरच्या तोंडावर आली. तो अजून इस्पितळात होता. ताई धावत कॉम्प्युटरपाशी परतल्या, तर पडद्यावर दहा होता.

ताईंची आई म्हातारी व्हायच्या आतच सगळं विसरली होती. शेवटी तिला मुलींची नावंही आठवेनात. ताई आता आईच्या तेव्हाच्या वयाला आल्या होत्या, आणि मॅनेजरने संध्याकाळपर्यंत राजीनामा मागितला होता. कारण तब्येतीचं लिहा, म्हणाला.

"नोकरीचं एक वेळ सोडा. पण मी सही केली म्हणजे मी विसरले हे कबूल केलं. मग घरी गॅस पेटवायचीसुद्धा हिंमत होणार नाही माझी."

मास्तरांनी विचारलं, असं आधी कधी झालं होतं का. दोनदा शंका आली होती, ताई म्हणाल्या, पण कोणाला इजा झाली नाही म्हणून मनावर घेतलं नाही. अपघाताच्या आदल्या दिवशी मात्र आकडा बरोबर लागला होता. त्या दिवशी दाबानंतर पाण्याची पातळीही बदलायची होती.

"अपघातानंतर कॉम्प्युटर कोणी तपासला?"

"प्रोग्रॅमरने, हा नवा प्रोग्रॅम त्यानेच लिहिलाय. त्याने स्वतः आकडा बदलून बघितला, सगळं ठीक होतं. मग मला विचारलं, माउस वापरता का? म्हटलं, कधीच नाही. जाताना म्हणाला, ताई, घरात कोणाला विसरायचा आजार आहे का?"

हे सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की मेहुण्याला पुढे वाकावं लागलं.

बॉयलरची खोली लॉन्ड्रीच्या मागच्या अंगाला होती. एका भिंतीत जाड काचेची खिडकी, तिच्यापलीकडे बॉयलर आणि त्यावर दाब दाखवणारी ताटाएवढी तबकडी. खिडकीखालची भिंत हाताला कोमट लागत होती. मेहुण्याने तिला एकदा हात लावला आणि नंतर तो सबंध वेळ दारापाशीच उभा राहिला.

कॉम्प्युटरच्या वर एक नवी कोरी चिठ्ठी चिकटवलेली होती: 'जतनचे बटण माउसनेच दाबावे.' ती प्रोग्रॅमरने अपघाताच्या दुसऱ्या दिवशी लावली, असं ताईंनी सांगितलं. घाव ताजा असताना वर शिस्त शिकवतोय, असं मेहुण्याला वाटलं आणि त्याला रागच आला.

दुसऱ्या पाळीचा ऑपरेटर सारखी शीळ घालायचा म्हणून त्याला सगळे 'शिट्टी' म्हणत. ताई गेल्या तर दिवसपाळी त्याला मिळणार होती, आणि ते त्याने लपवलंही नाही. अपघाताच्या वेळी आपण इस्त्रीच्या हॉलमध्ये होतो, सगळ्यांनी पाहिलंय, असं त्याने सांगितलं. त्याच्या पाळीत आकडा कधी फिरला नव्हता.

"मला काय कळतंय त्यातलं? आकडा टाकतो, माउसने बटणावर टिचकी मारतो, चहाला जातो," तो म्हणाला.

"भाऊजी, हाच तो," शिट्टी बाहेर गेल्यावर मेहुणा कुजबुजला. "ताई फिटरकडे गेल्या, हा मागच्या दाराने आला आणि चारचे परत दहा केले."

मास्तरांनी प्रोग्रॅमरला बोलावलं.

तो तरुण होता, डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. कोणी आकडा फिरवला असेल का, या प्रश्नावर त्याने ठाम मान हलवली. प्रोग्रॅम प्रत्येक बदल लक्षात ठेवतो, आणि त्या दिवशी एकही बदल झालेला नव्हता.

"ताईंनी जतन केल्याचं दिसतं. पण आकडा आधी दहा आणि नंतरही दहाच."

"म्हणजे ताई आल्या, काहीही न बदलता जतन करून गेल्या?"

"तसंच दिसतं."

जतन त्यांनी कशाने केलं, हेही मास्तरांनी विचारलं. जुन्या प्रोग्रॅममध्ये माउस नव्हताच, प्रोग्रॅमर म्हणाला. वरच्या रांगेतली एफ-टू ही कळ दाबली की काम व्हायचं. ताईंची सवय मोडू नये म्हणून त्याने नव्या प्रोग्रॅममध्येही ती कळ ठेवली होती. हे सांगताना तो ताईंकडे बघत नव्हता.

जेवणाची सुट्टी संपून बॉयलर नुकताच पुन्हा पेटला होता. मास्तरांनी मॅनेजरला आणि शिट्टीला खोलीत बोलावलं आणि पाइपांच्या बाजूला कोणी नाही याची खात्री करून घेतली. तबकडीची सुई तीनवर होती.

"ताई, नेहमी करता तसंच करा. मर्यादा चार."

ताईंनी दहा खोडून चार टाकला आणि एफ-टू दाबली. हिरवी अक्षरं उमटली. पडद्यावरचा चार सगळ्यांनी पाहिला.

"आता कोणीही कशाला हात लावू नका. फक्त सुईकडे बघा."

सुई साडेतीनवर आली. पलीकडे आगीचा घुमणारा आवाज चालूच होता. सुई चारला टेकली आणि क्षणभरही न थांबता पुढे सरकली. साडेचार. पाच. पडद्यावर चार तसाच होता, अगदी ठसठशीत. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं. मेहुण्याचा एक पाय कधीच दाराबाहेर गेला होता. ताई मात्र काचेला नाक लावून उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

मास्तरांनी माउस उचलला. शेजारच्या पाण्याच्या पातळीच्या चौकटीत टिचकी मारली, मग जतनच्या बटणावर. आगीचा आवाज बंद झाला. सुई थरथरली आणि हळूहळू उतरू लागली.

"आकडा कोणी फिरवला नाही," मास्तर म्हणाले. "फिरवला असता तर दोन बदल दिसले असते, दहाचे चार आणि चारचे दहा. दिसला एकही नाही. तेव्हा शिट्टी सुटला. उरलं एकच, चार आत पोचलाच नव्हता."

"म्हणजे ताईंनी टाकलाच नाही," मॅनेजर म्हणाला.

"तुमच्यादेखत टाकला ना आता? पडद्यावरची चौकट वेगळी आणि तिच्यामागची साठवण वेगळी. दोन्ही एकमेकांना बांधलेल्या असतात, पण चौकटीतला आकडा मागे जातो तो कर्सर, ती लुकलुकणारी रेघ, चौकटीतून बाहेर पडल्यावरच. माउसने बटण दाबलं की कर्सर आपोआप बाहेर पडतो. म्हणून शिट्टीची पाळी नेहमी सुरळीत. कळ दाबली तर तो आतच राहतो. मग जतन होतो जुना दहा, डोळ्यांना मात्र चार दिसत राहतो. आदल्या दिवशी ताई दाबाच्या चौकटीतून पाण्याच्या चौकटीत गेल्या, म्हणून त्या दिवशी दाब बरोबर लागला. पुढे थोडा वेळ हात लागला नाही की पडदा मिटतो, आणि परत उघडताना साठवणीतला आकडा आणतो. ताईंना दहा दिसला तो असा."

"मग दोष कोणाचा?" मेहुण्याने दाराशी उभ्या उभ्याच विचारलं.

"चूक कोणाच्याही हातून होते. पण चूक कळल्यावर काय केलं, ते महत्त्वाचं." मास्तर प्रोग्रॅमरकडे वळले. "माउस वापरता का, हे तुम्ही ताईंना विचारलंत. त्यांचं उत्तर ऐकलंत तेव्हाच तुम्हाला सगळं समजलं. नाहीतर दुसऱ्या दिवशी ही चिठ्ठी लावायचं कारण काय?"

मास्तरांनी कॉम्प्युटरवरच्या चिठ्ठीकडे बोट केलं.

"मी पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करणार होतो," प्रोग्रॅमर खाली बघत म्हणाला. "घाबरलो होतो. माणूस भाजलाय, मला आत टाकतील असं वाटलं."

"आणि माझ्या आईचं?" ताईंनी विचारलं. "ते का विचारलंस मग?"

त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

"आधी फिटरकडे जा," ताई म्हणाल्या. "त्याला वाटतंय मी त्याला मुद्दाम आत पाठवलं. त्याला सांगून ये. माझं नंतर बघू."

मॅनेजरने राजीनाम्याचा विषय पुन्हा काढला नाही. मास्तर निघाले तेव्हा ताई पडद्याकडे पाठ करून, काचेपलीकडच्या तबकडीकडे बघत उभ्या होत्या. मेहुण्याला राहवलं नाही. आता बरं वाटतंय ना, असं त्याने विचारलं.

"अपघात झाल्यापासून रोज सकाळी आरशासमोर उभी राहून माझ्या मुलींची नावं म्हणते," त्या म्हणाल्या. "आठवतात का बघायला."

"आता नको म्हणायला."

ताईंनी पुन्हा एकदा सुईकडे पाहिलं.

"उद्यापण म्हणेन बहुतेक. सवय लागलीय."