चावी काढल्यानंतर

निरंजन सोहनींना 'अंदाजे' हा शब्द आवडत नसे. मानक नगरच्या रेल्वे संशोधन संस्थेत त्यांची चौतीस वर्षं डब्यांची कंपनं मोजण्यात गेली होती. निवृत्तीनंतर इंदिरा नगरच्या घरातही ते कुकरच्या दोन शिट्ट्यांमधला वेळ घड्याळ लावून बघायचे. "अहो, भात आहे तो, टेस्ट रिपोर्ट नाही," असं त्यांची बायको शर्मिष्ठा म्हणायची. तेव्हा ती अशी चेष्टा करायची.

त्यांच्या गॅरेजमध्ये एक लाल, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्‌स कार उभी होती. साठ सालाच्या आसपासची. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, निनादनं, ती बाराबंकीकडच्या एका आंब्याच्या बागेतल्या शेडमधून भंगाराच्या भावात उचलली होती. पत्रा सडलेला, सीटमध्ये उंदरांचा संसार, इंजिनाचा ब्लॉक तडकलेला. बापलेकांनी तीन वर्षं सगळ्या सुट्ट्या तिच्यापायी घालवल्या. काढलेला प्रत्येक स्क्रू लोणच्याच्या रिकाम्या बरणीत जायचा आणि बरणीवर सोहनींच्या अक्षरात तारीख आणि जागा. पत्रा झाला, रंग झाला, सीटना कातडं चढलं. घोडं अडलं ते इंजिनापाशी.

मूळ इंजिन काही मिळेना. निनाद म्हणायचा, माझ्या जिप्सीचं इंजिन हिच्यात बसेल, तसलंच एखादं घालू, निदान गाडी पळेल तरी. सोहनी म्हणायचे, मूळ इंजिन नाही तर गाडीच नाही. मागच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी निनादनं त्यांना न विचारता मापं घेतली आणि भडका उडाला.

"असलं काहीतरी हिच्यात कोंबणार असशील, तर या घरात पाय ठेवू नकोस," सोहनी म्हणाले.

शर्मिष्ठा तेव्हा बाजारात गेली होती. निनाद नुसता हसला, जिप्सीत बसला आणि गेला. संध्याकाळी घरी परतताना मागून आलेल्या ट्रकनं जिप्सी पुढच्या सीटपर्यंत चेपली. इंजिनाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

तेच इंजिन सोहनींनी या वर्षी लाल गाडीत बसवलं. चौकातून स्कूटरवर येणारा इर्शाद मिस्त्री मदतीला होता. ते इंजिन कुठलं, हे त्या दोघांनाच ठाऊक होतं. शर्मिष्ठेला सांगितलं होतं, कानपूरच्या भंगारातलं आहे. त्या रविवारी आपण काय बोललो, हे तर सोहनींनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. रोज सकाळी दात घासताना ते वाक्य त्यांना आठवायचं आणि तोंडातला फेस कडू व्हायचा.

श्रावणातल्या एका संध्याकाळी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. दहा मिनिटं त्यांनी ते चालू ठेवलं, तेलाचा दाब आणि तापमान नोंदवहीत लिहिलं, मग चावी फिरवून काढून घेतली.

इंजिन थांबलं नाही. एक छोटी रेस आली, मग एक लांब. मग ते बंद झालं.

इर्शादच्या हातातला पाना तसाच राहिला. "साब, ये तो निनाद भैया..."

"कार्बन गरम रहता है, इर्शाद. चाबी निकालने पर भी पेट्रोल जलता है. पुराने इंजन में होता है."

हे खरंही होतं. पण घरी आल्यावर जिप्सी बंद करण्याआधी निनाद अशीच रेस द्यायचा, एक छोटी, एक लांब. पेट्रोल फुकट जातं म्हणून सोहनी ओरडायचे. शर्मिष्ठेला मात्र ती चहा टाकायची खूण होती.

स्वयंपाकघरात गॅसचा लायटर वाजला. वर्षभर संध्याकाळी ओट्याकडे न फिरकलेली शर्मिष्ठा ट्रे घेऊन बाहेर आली. माणसं तीन होती, कप चार.

"कानपूरचं म्हणालात ना?" तिनं विचारलं.

"हो."

चौथा कप निवत राहिला.

सोहनींनी कार्ब्युरेटर खोलून साफ केला. पेट्रोल तोडणारा नवा व्हॉल्व्ह बसवला, प्लग बदलले. रेस येतच राहिली. शेवटी त्यांनी ॲक्सिलरेटरची केबलच सोडवली, तिचं टोक मुठीत धरलं आणि इर्शादला चावी काढायला सांगितली. एक छोटी, एक लांब. त्यांच्या मुठीतली केबल जागची हलली नव्हती. नोंदवहीत 'कारण' या रकान्यात त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा नुसती रेघ मारली.

इर्शाद दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला.

शर्मिष्ठा मात्र सुधारत गेली. दोन घास जास्त जेवू लागली. भूतनाथ मार्केटमध्ये जाऊन सब्जीवाल्या भैयाशी हुज्जत घालून आली. साडेपाच वाजले की म्हणायची, "अहो, आज फिरवून नाही आणत गाडी?" सोहनी फिरवून आणायचे, चावी काढायचे, खाली मान घालून ऐकायचे. मग आत लायटर वाजायचा. दोष शोधणं त्यांनी सोडून दिलं. जगात असाही एखादा दोष असतो, जो दुरुस्त करायला हात धजत नाही.

खंडेनवमी आली. सोहनींच्या घरी त्या दिवशी हत्यारं, यंत्रं पुजायची आणि त्यांना विश्रांती द्यायची. लहानपणी निनाद नेमका त्याच दिवशी सायकल काढायचा आणि बोलणी खायचा. सोहनींनी आंघोळ करून अनवाणीच गॅरेज झाडलं. पाने, हातोडे पाटावर मांडले. गाडीची बॅटरी काढून घरातल्या कपाटात ठेवली. बॉनेट उघडून इंजिनाला कुंकू लावलं, त्यावर झेंडूची माळ घातली, बॉनेट मिटलं आणि गॅरेजला कुलूप लावलं.

पावणेसहाला दोघं स्वयंपाकघरात बसले होते. शर्मिष्ठा गवार मोडत होती.

एक छोटी. एक लांब.

"मी बॅटरी काढलीय," सोहनी म्हणाले. "कपाटात आहे."

"माहीत आहे मला." तिनं उठून गॅस पेटवला. "ते कानपूरचं नाही, हेही माहीत आहे. पहिल्याच दिवशी कळलं." आधण ठेवून ती त्यांच्याकडे वळली. "रोज दारापर्यंत येतो. रोज कप निवतो. आत का येत नाही हो तो?"

सोहनींना रडू फुटलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदाच.

"मीच म्हणालो होतो त्याला," ते म्हणाले. "त्या रविवारी. घरात पाय ठेवू नकोस म्हणून."

पाणी उकळायला लागलं.

"मग तुम्हीच जाऊन बोलवा," ती म्हणाली.

ते गेले. कुलूप जसंच्या तसं होतं. दार उघडताच शिजलेल्या झेंडूचा वास आला. बॉनेटला हात लावला तर चटका बसला. आत इंजिनावरची माळ काळी पडून लोखंडाला चिकटली होती.

"निनाद," सोहनी म्हणाले, "चुकलं माझं. चल, आत चल."

काहीच झालं नाही. ते थांबले. आणखी थोडं थांबले. मग डोळे पुसून अंगणातून परत फिरले.

शर्मिष्ठा दाराकडे पाठ करून चहा गाळत होती. तिसरा कप भरत होता. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"अरे, बूट बाहेर काढ," ती म्हणाली. "किती वाजवतोस! आत्ताच फरशी पुसलीय."

सोहनींनी खाली पाहिलं. सकाळपासून ते अनवाणीच होते.