भुईकाट्याकडची तार

आमचे आबा गोष्ट सांगायला बसले की आधी कुणाची तरी लाज काढतात. गोष्ट भुताची असली तरी तेच. आधी माणसांवर थुंकून घेतात, मग भुताकडे वळतात.

त्या रात्री लाइट गेली होती. भडगावच्या आमच्या ओट्यावर शेजारची चार पोरं, माझा दीर हिलाल आणि आबा बसले होते. मी सासऱ्यांसमोर बसत नाही, म्हणून उंबऱ्याच्या आत होते, बाळ मांडीवर. दोन दिवस त्याला ताप होता आणि आत्ता कुठे डोळा लागला होता. मला काही भुताची गोष्ट नको होती. पण उठले असते तर तो जागा झाला असता. म्हणून मग बसून ऐकली.

आबा म्हणाले, ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या साडूचा मुलगा झुलाल तिथं होता, त्यानं सांगितलेली आहे. आणि लगेच म्हणाले, झुलाल म्हणजे काही कुणी शूर माणूस नाही हो. मांजर आडवं गेलं तर चप्पल सोडून पळणारा. पण त्याच्यापेक्षाही हलका माणूस त्या रात्री तिथं होता, म्हणून झुलाल शोभून दिसला.

तो हलका माणूस म्हणजे गिरधर इंजिनीयर. धुळ्याचाच पोरगा. पुण्याला दोन वर्षं राहिला आणि परत आला तर आईशीसुद्धा शुद्ध बोलायला लागला. समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची त्याला सवय नव्हती. तुम्ही 'पाणी' म्हटलं की तो 'कळलं' म्हणणार, आणि आणणार चहा.

दोंडाईच्याच्या बाहेर बन्सीलाल शेठची सरकीची तेल मिल आहे. ऐंशी सालापासून तिचा हिशेब कागदावरच चालायचा. मग शेठला मुंबईच्या ऑफिसशी कॉम्प्युटरनं जोडून घ्यायची हौस आली. ऑफिसात राउटर नावाची एक पेटी बसली. तिला भोकं असतात, त्याला पोर्ट म्हणतात. एका पोर्टमधून तार निघाली, पाइपातून जमिनीखालून पार फाटकाजवळच्या भुईकाट्यावर गेली. तिथल्या केबिनमध्ये दुसरा कॉम्प्युटर. काट्यावर सरकीचा ट्रक चढला की वजन केबिनमधून ऑफिसात, ऑफिसातून मुंबईला. ही बठ्ठी, म्हणजे सगळी मांडणी गिरधरनं केली होती.

एकटादुकटा ट्रक असला तर सगळं ठीक चालायचं. रांग लागली की अडायचं. पडदा गोठून बसायचा, ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे, शिव्या द्यायचे. केबिनमध्ये कारकून कोण, तर झुलाल. मग बोल कुणाला लागणार?

शेठनं गिरधरला बोलावलं. गिरधरनं दुपारभर तारा पाहिल्या, दोनदा चहा घेतला, आणि काही सापडेना तेव्हा शेठला सांगितलं की मशीन चांगलं आहे, तुमचा माणूस मंद आहे. शेठ म्हणाला, उद्या सोमवार, मोठी आवक आहे. उद्या जर रांग अडली तर झुलालनं परवापासून येऊ नये. तुम्ही आज रात्री थांबा आणि त्याला शिकवा.

झुलालची बायको तेव्हा बाराव्या दिवसाची बाळंतीण होती. घरात मिळवता तो एकटाच.

हे ऐकून मी बाळाच्या कपाळावर हात ठेवला. गरमच होतं.

तर अठ्ठ्याण्णव सालची ती बावीस नोव्हेंबर. रविवार, मार्गशीर्ष चौथ. चौथीची कोर कधीच बुडाली होती. मिल बंद, रात्रपाळीचा वॉचमन गावात लग्नाला गेलेला. ऑफिसात गिरधर आणि झुलाल, दोघंच. दहाच्या सुमाराला गिरधरनं राउटरच्या आतल्या मांडणीत डोकं घातलं आणि त्याला स्वतःचीच चूक दिसली.

आबा चुकीचं नाव शोधायला लागले, तेव्हा हिलाल मधेच बोलला. तो चाळीसगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जातो. म्हणाला, "आबा, त्याला डुप्लेक्स म्हणतात. हाफ डुप्लेक्स म्हणजे एकानं बोलायचं, तोवर दुसऱ्यानं ऐकायचं. फुल म्हणजे दोघांनी एकदम बोलायचं आणि एकदम ऐकायचंही."

"मग आपल्या घरात फुलच चालू शे," आबा म्हणाले. "फक्त ऐकणं तेवढं काढलेलं."

पोरं हसली. आबा पुढं बोलत राहिले. गिरधरनं राउटरच्या पोर्टवर फुल पक्कं ठोकून ठेवलं होतं, आणि केबिनचा कॉम्प्युटर तसाच सोडला होता, तो आपला आपण ओळखेल म्हणून. आता केबिनवाला विचारतोय, कसं बोलायचं भाऊ? इकडून उत्तरच नाही. इकडचा ठोकून बसलेला, तो कशाला उत्तर देतो. मग तिकडचा बिचारा भिऊन हाफवर जातो. इकडचा थांबायला तयार नाही, तिकडचा वाट पाहतोय. दोघांचे निरोप वाटेत आदळतात आणि मोडतात. ट्रक थोडे असले तर कळत नाही. गर्दी झाली की तुंबतं.

हिलाल म्हणाला, त्यानं राउटरवरचं ठोकलेलं काढून टाकलं असतं तरी जमलं असतं. तिथल्या तिथं, खुर्चीतून न उठता.

"जमलं असतं," आबा म्हणाले. "पण मग चूक त्याची ठरली असती. त्याला केबिनमध्ये बदल करायचा होता. म्हणजे सकाळी शेठला सांगता येतं की तुमच्या माणसानं तिकडे गोंधळ करून ठेवला होता, मी निस्तरला. समजलं का, शिकलेल्या?"



गिरधरनं झुलालला केबिनकडे जायला सांगितलं. स्वतः तो इकडून चाचणीचे निरोप सोडत राउटरचा आकडा बघत बसणार. आदळलेल्या निरोपांचा आकडा असतो एक, तो वाढायचा थांबला की समजायचं जमलं. झुलाल जागचा हलेना. म्हणाला, साहेब, अंधारात तिथं कुणी जात नाही. दोन वर्षांपूर्वी तिथला काटेवाला वना, रिव्हर्स येणाऱ्या ट्रकखाली गेला. वना थांब थांब ओरडत होता, तिकडून क्लीनर येऊ दे येऊ दे ओरडत होता, आणि ड्रायव्हरला दोन्हीतलं एक काही कळलं नाही.

गिरधरनं अर्ध्यातच तोडलं. म्हणाला, "वना भेटला तर त्यालाच सांग बटण दाबायला. तुझ्यापेक्षा लवकर शिकेल."

झुलाल चावी आणि बॅटरी घेऊन निघाला.

ऑफिस आणि केबिन यांच्यात बोलायला एक डबा होता. बटण दाबून बोलायचं, सोडलं की ऐकू यायचं. बटण दाबलेलं असताना पलीकडचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तसाच असतो तो डबा.

थोड्या वेळानं गिरधरनं बटण दाबलं. पोचलास का म्हणून विचारलं. सोडलं.

खरखर... मग आवाज आला.

"हा."

कॉम्प्युटरवर काय काय उघडायचं ते गिरधरनं सांगितलं. "हा." खाली जा, तिथं डुप्लेक्स लिहिलेलं दिसेल. "हा." त्याला फुल कर. "हा."

झुलाल एरवी इतकं कमी बोलत नाही. पण ते ध्यानात यायला समोरच्याचं कधी ऐकलेलं असावं लागतं.

आकडा वाढतच होता. गिरधर चिडला. त्यानं बटण दाबलं आणि सोडलंच नाही. गाढव म्हणाला, खेडवळ म्हणाला. उद्या घरी बस, बायकोजवळ, पाळणा हलव म्हणाला. शेठला मीच सांगितलंय तुझ्याबद्दल, हेही म्हणाला.

आणि बोलता बोलता त्याला जाणवलं... डब्यातून आणखी कुणीतरी बोलतंय.

तो बोलत असतानाच. एकदम.

त्याला वाटलं, झुलाल उलटून बोलतोय. म्हणाला, मधे बोलू नकोस.

आवाज थांबला नाही. हळू होता. सावकाश. ट्रकला मागं घेताना बोलतात तसा.

"येऊ दे... येऊ दे..."

गिरधर डब्याकडे वाकला.

"येऊ दे..."

त्यानं आपल्या बोटाकडे पाहिलं. बोट बटणावर होतं. बटण आत गेलेलं. नख पांढरं पडलेलं.

उंबऱ्याच्या आत मी बाळाच्या कानावर पदर ओढला. झोपलेल्याला काय ऐकू येणार, पण ओढला.

"थांब..." डब्यातून आलं.

"थांब भो... थांब..."

आणि मागून, ऑफिसच्या दारातून कुणीतरी म्हणालं, "सायेब."

झुलाल उभा होता. हातात चावी. तो वाटेतल्या निंबाच्या झाडापर्यंत गेला होता. पुढं पाय निघेना, तिथंच खाली बसला आणि बसून बसून परत आला.

"मी आठेच शे, सायेब. चावी मनापाशीच शे." म्हणजे इथंच होता तो, आणि केबिनची चावी त्याच्याच हातात.

गिरधरनं मान वळवली नाही. बोटही उचललं नाही. बटण सोडलं तर आणखी नीट ऐकू येईल... ही भीती. डबा आता बोलत नव्हता. नुसती खरखर. तीही बटण दाबलेलं असताना.

समोर पडद्यावर आकडा थांबला होता.

एकानंही वाढत नव्हता.

उजाडेपर्यंत दोघं तसेच. एक खुर्चीत, एक भिंतीला पाठ लावून जमिनीवर.

सकाळी शेठ आला. झुलालकडून चावी घेऊन त्यानं स्वतः केबिनचं कुलूप काढलं. कॉम्प्युटर चालू होता. डुप्लेक्सच्या पुढं फुल.

ट्रक लागले. रांग फाटकाबाहेर गेली, पण एकही वजन अडलं नाही. शेठ खूष. त्यानं गिरधरला विचारलं, कुणी केलं हे? गिरधर म्हणाला, मी नाही केलं. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, तेही घाबरून. आणि बॅग उचलून धुळ्याच्या एसटीला गेला. शेठ समजला की झुलालनं केलं. पाठीवर हात ठेवला, म्हणाला, मी उगाच तुला बोललो.

झुलालनं तोंड उघडलं नाही. आबा म्हणाले, घरात बाळंतीण, आणि खोटं फुकटात मिळतंय. भित्रा माणूस असं कशाला सोडेल? नोकरी राहिली त्याची. पण नोकरी म्हणजे तीच केबिन. शेठ म्हणाला, एवढं जमतंय तर आता रात्रीची आवकही तूच बघ.

त्या संध्याकाळी दिवे लागल्यावर शेवटचा ट्रक काट्यावरून उतरला. झुलाल वजनाच्या लाल आकड्यांकडे बघत होता. काट्याचा लोखंडी पाट रिकामा झाला की ते शून्यावर यायला पाहिजेत. ते खाली आले, आले... आणि साठावर थांबले.

साठ किलो. एका माणसाएवढं. पाटावर काही नाही. झुलालनं बॅटरी मारून पाहिली.

हिलाल म्हणाला, काट्यात बिघाड असेल आबा, पाटाखाली दगडबिगड अडकला असेल.

"तुझ्यासारखाच एक मेकॅनिक आला धुळ्याहून," आबा म्हणाले. "त्यालाही सगळं येत होतं. पाट उचलला, खालची माती काढली, तारा बदलल्या, शून्य करून दिला. दोनदा आला. तिसऱ्यांदा बोलावलं तर म्हणाला, दुसरा कुणी बघा."

आबांची विडी विझली होती तरी तोंडात धरून बसले. पोरंही उठेनात. शेवटी हिलालनंच हळू आवाजात विचारलं की आता काय करतो झुलाल.

"वजा करतो," आबा म्हणाले.

दिवसा काटा बरोबर दाखवतो. अंधार पडला की झुलाल प्रत्येक ट्रकमागे साठ किलो वजा करतो. शेवटचा ट्रक गेला, पाट मोकळा झाला, की केबिनला कुलूप लावतो आणि मागं न बघता निघतो. काचेतून लाल आकडे दिसत राहतात. साठ. पहाटे कधीतरी, कुणी बघत नसताना, ते शून्य होतात.