दोन याद्यांमधल्या बायका

वाशीच्या मालतीबाईंकडे खून, चोऱ्या घेऊन माणसं यायची. त्या सकाळी वैष्णवी आली ती मेलेल्यांच्या दोन याद्या घेऊन.

"मोरा बंदराजवळच्या एका गावात वादळ झालं. किती माणसं गेली याचा अंदाज आमची संस्था काढतेय. दोघांनी वेगवेगळ्या याद्या केल्या. दोन्हींत समान नावं जितकी कमी, तितके सुटलेले जास्त, असा हिशेब. पुरुष वीस आणि वीस, समान सोळा. अंदाज पंचवीस."

"बायका?"

"चोवीस आणि वीस. समान फक्त चार. म्हणजे एकशेवीस. गावात एकूण बायका होत्याच शंभर. साहेब म्हणतात, पहिली यादी करणाऱ्या धनेशने खोटी नावं घुसवली. संध्याकाळी त्याला काढतायत. पहिलीच नोकरी हो त्याची."

"मग धनेशच," नंदकुमार म्हणाले. शेजारचे हे निवृत्त मास्तर बाईंचे मदतनीस होते.

तेवढ्यात फोन वाजला. नंदकुमारांनी उचलला. "गोजरा? इथे कोणी नाही."

"द्या इकडे," मालतीबाई म्हणाल्या. "बोल रे दादा, मागून करते."

बाईंच्या ओळखीपाळखी नंदकुमारांना कधीच कळल्या नव्हत्या.

जिन्यात थांबलेला धनेश आत आला. डोळे सुजलेले.

"वादळाच्या गावात घरोघर फिरलो, बाई. सासवांनी, दिरांनी सांगितलं तेच लिहिलं."

त्याच्यामागून बयाबाई आल्या. दुसरी यादी त्यांची. "मी बोनकोड्याला नि आजूबाजूला नातेवाइकांत फिरले. आया रडत व्हत्या, मी लिवत व्हते. मी कशाला खोटं लिवू?"

"नावं जुळवली कोणी?"

"कॉम्प्युटरने," वैष्णवी म्हणाली.

मालतीबाईंनी समान चार नावांवर बोट ठेवलं. वयं नऊ, अकरा, बारा, चौदा.

"चौघीही लग्नाआधीच्या. बयाबाई, तुमच्या यादीतली ही बाळाबाई, वय तीस. सासरी काय म्हणत तिला?"

"यशोदा. लग्नात नाव बदललं ना तिचं."

धनेशच्या यादीत यशोदा होती. वय तीस.

"लेकी माहेरच्या नावाने एका यादीत, सुना सासरच्या नावाने दुसरीत. पुरुषाचं नाव बदलत नाही, म्हणून ते जुळले. खोटं कोणीच लिहिलं नाही."

तासभर बयाबाई नावं सांगत राहिल्या, धनेश खुणा करत गेला. समान बायका चार नव्हत्या, सोळा होत्या.

"म्हणजे अंदाज तीस," वैष्णवी हळूच म्हणाली. "नव्वद बायका कमी झाल्या."

"त्या नव्हत्याच कधी. जा, संध्याकाळच्या आत साहेबांना दाखवा."

धनेश बाईंच्या पाया पडायला वाकला. त्यांनी त्याच्या हातात लाडू ठेवला.

"बाई, तुम्हाला सुचलं कसं?" नंदकुमारांनी विचारलं.

त्या नुसत्या हसल्या. फोन पुन्हा वाजला. नंदकुमारांनी उचलला, क्षणभर ऐकलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"थांबा हं," ते म्हणाले. "गोजराला देतो."