उतरवलेली पट्टी

"डच गाण्यांचं नोटेशन वाचणारं कुणी माहीत आहे का?" राजापेठेतल्या वाद्यांच्या दुकानात प्रणालीने विचारलं.

दुकानदार नत्थुजी पेटीचा भाता चिकटवत होते. "मॅडम, इथं भजनाच्या पेट्या येतात. डच गाण्यायचं काय करून राहिल्या तुमी?"

"मी वाचतो," कोपऱ्यातून आवाज आला. तो विपुल — अकोल्याच्या शाळेतला संगीतशिक्षक, पेटी दुरुस्तीला घेऊन आलेला.

प्रणाली अमरावतीच्या कॉलेजात मृदाशास्त्र शिकवायची. बेल्जियममध्ये माती तपासण्यात दोन वर्षं गेली, तेव्हा शेजारच्या खोलीतून ही गाणी ऐकू यायची. एक कविता, एक गळा, एक पियानो... परक्या गावात तेवढीच सोबत. परतल्यावर ती तिकडच्या गाण्यांची सूची करू लागली. शब्द कळत होते, सूर मात्र कागदावर मुके. मग ती छापील पानं आणि अर्थ पाठवायची आणि विपुल पेटीवर वाजवून ध्वनिमुद्रण. सात महिने, एकेचाळीस गाणी. एरवी तिच्या फोनवर फक्त कॉलेजचे निरोप यायचे.

एकेचाळिसावं आलं, यादी संपली. आता कोणत्या निमित्ताने फोन करायचा?

तिने ते दहादा ऐकलं. करायला काही उरलं नाही, म्हणून फोनवरच्या अ‍ॅपने सूर मोजला, पानावर छापलेल्या पट्टीच्या नावाशी ताडला. छापील पट्टीपेक्षा चार स्वर खाली! मागची तपासली — तिसऱ्यापासून सगळी तशीच. चूक सापडल्याचा इतका आनंद तिला कधीच झाला नव्हता.

रविवारी तिने अकोल्याची बस धरली.

"एकोणचाळीस गाणी चुकली तुमची," ती दारातच म्हणाली.

"चुकली नाहीत. मीच उतरवली."

"काहून?" घरची भाषा निसटलीच.

"दुसऱ्या गाण्याचा अर्थ सांगता सांगता फोनवर गुणगुणल्या होत्या तुमी. मूळ पट्टीत तुमचा गळा चढला नसता."

"मी गात नाही."

"मले माहीत आहे. म्हणून तर सात महिने वाट पाहून राहिलो."

"मग सांगायचं नाही?"

"म्हटलं, यादी संपू द्यावी... अन् पाहावं, तरी येता का."

"आले नसते तर?"

"तर बेचाळिसावं शोधलं असतं," तो हसून म्हणाला, पण नजर खालीच होती.

त्याने पेटी उघडली, सूर दिला. पहिली ओळ ती भिंतीकडे पाहत गायली. दुसऱ्या ओळीत आवाज चिरकला, ती मधेच थांबली. विपुल पुढे गेला नाही. भाता हलवत त्याच सुरावर थांबून राहिला — ती येईपर्यंत.