एक चुकलेली छाया

हार्लन फॉल्सच्या नगरभवनातल्या गणनकक्षात डॉ. हेमांगी सरपोतदार भिंतीवरच्या नकाशाकडे बघत मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती. नदीच्या पश्चिमेला निळे डेमोक्रॅट, पूर्वेला लाल रिपब्लिकन, आणि पाच वर्षांत ही रेघ तसूभरही हललेली नाही! दोन लाख वस्तीचं शहर. कारखाने बंद पडतात, पोरंपोरी लग्न करून नदी ओलांडतात, आणि मतं म्हणे जिथल्या तिथे!

"माणसं अशी वागत नाहीत," ती म्हणाली. "छाया वागतात."

शहराचे निवडणूक-सचिव वॉल्टर नूडसन यांनी चष्मा कपाळावर चढवला. तीस वर्षं मतपत्रिका मोजलेला गृहस्थ, असा तसा भुलणारा नव्हता. "हे यंत्र केलं कुणी, बाई?"

तिनेच केलं होतं, तेच तर! शहराच्या निवडणुकीला शंभरातले तीस लोकही फिरकत नसत. म्हणून तिने छायामत शोधून काढलं. जो मतदार येणार नाही, त्याचा पेशा, वस्ती, पक्षनोंदणी, सह्या केलेले अर्ज हे सगळं तपासून यंत्र त्याच्या वतीने मत टाकणार. तो स्वतः आला, की छाया रद्द. पाळीवर राबणाऱ्यांचा आवाज बुडू नये, एवढाच हेतू होता. तेव्हा शहराने तिला डोक्यावर घेतलं होतं.

"पण छाया शिकते कशावरून? जुन्या नोंदींवरून," हेमांगी म्हणाली. "माणूस घरी बसला, की नवी नोंद नाही. छाया जुन्याच मनाने मत देते, आणि तेच मत पुढच्या वर्षी नोंद म्हणून धरलं जातं. स्वतःचंच उष्टं खाऊन ती दरवर्षी आणखी हट्टी होते. मांसाच्या कारखान्यातल्या डेल्फीन व्हिटकरचं बघा. तिच्या छायेने पूर्वेचा दवाखाना बंद करायला मत दिलं. तिची आई त्याच दवाखान्यात डायलिसिस घेत होती हो!"

"निकालानंतर सगळेच म्हणतात, आम्ही असं मत दिलं नसतं," नूडसन म्हणाले. "जो येतो त्याची छाया नसते, जो येत नाही त्याच्या मनातलं कुणाला ठाऊक नसतं. मला एक चुकलेली छाया आण. पण तिच्या मालकाचं मत निकालाआधी साऱ्या गावाला माहीत हवं. मी स्वतः न्यायाधीशापुढे उभा राहीन."

"म्हणजे आपल्याच माणसाला मुद्दाम घरी बसवू? एकेक मत लाखमोलाचं असताना? नाही जमायचं."

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर प्रश्न होता, छायामत रद्द करावं का? आणि गंमत बघा, त्यावरही छाया मत देणार होत्या. तेव्हा माणसांना जातीनिशी केंद्रावर नेणं, हा एकच उपाय उरला. हेमांगी तीन महिने दारोदार हिंडली. "आमची छाया जाते की," असं म्हणून लोक दार लावून घेत. ती पुन्हा घंटा वाजवी. स्थानिक रेडिओवर ती इतक्यांदा बोलली, की दुकानदार तिचा आवाज ओळखू लागले. डेल्फीन सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर फिरायची.

मतदानाच्या दिवशी सकाळपासून तिची गाडी कारखाना आणि मतदान केंद्र असलेली शाळेची व्यायामशाळा यांच्यात फेऱ्या मारत होती. शेवटच्या फेरीत डेल्फीन आणि तिच्या पाळीतल्या तिघी होत्या. फाटकावर मालगाडी आडवी आली आणि चक्क थांबली. वाघिणी मोजून मोजून हेमांगीचा जीव मेटाकुटीला आला. रात्री आठला चार मिनिटं असताना चौघी धावत रांगेत शिरल्या. आठ वाजता दार बंद झालं.

चौघी कोटावर 'मी मत दिलं'चं चिकटपत्र लावून बाहेर आल्या. डेल्फीन हसत म्हणाली, "तुझं कुठंय?"

हेमांगीने कपाळावर हात मारला. तिचं केंद्र नदीपलीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला नूडसननी आकडे वाचले. छायामत रद्द करावं, एकसष्ट हजार चारशे सात. करू नये, एकसष्ट हजार चारशे आठ.

हेमांगी मटकन खुर्चीत बसली. आपल्या छायेचं मत पाहायचा प्रत्येकाला हक्क होता. तिने यंत्रात आपलं नाव घातलं. 'रद्द करू नये.' बरोबरच होतं. पाच वर्षांपूर्वी छायामताची भाषणं ठोकत फिरणारी हेमांगी त्या यंत्रात जशीच्या तशी बसली होती. तिला रडू कोसळलं. चार माणसं पोचवली आणि स्वतःच राहिले, या विचाराने जीव नकोसा झाला.

मग तिने डोळे पुसले, तो कागद छापला आणि नूडसनच्या पुढ्यात ठेवला.

"ही घ्या चुकलेली छाया. हिच्या मालकिणीचं मत गावातल्या कुत्र्यामांजरांनाही ठाऊक आहे."

नूडसननी कागद दोनदा वाचला आणि खुंटीवरचा कोट काढला. "तुझं खरं मत धरलं, तर तूच जिंकतेस."

"ते धरायचं नाही. मी गेलेच नव्हते, मग मत कसलं? फक्त हिचं वगळा."

"मग बरोबरी होते. नियमाप्रमाणे फेरमतदान घ्यावं लागेल. आणि ही छाया पाहिल्यावर न्यायाधीश बाकीच्या छायांना केंद्रात पाऊल ठेवू देईल, असं मला वाटत नाही. पण मग माणसं आणावी लागतील, हेमांगी. सगळी."

"आणते," ती गाडीची किल्ली उचलत म्हणाली. "यावेळी आधी माझं मत टाकते, मग गाडी काढते."