उकीर नसलेलं बीळ

जमीन कुणी उकरली हे माणिकरावांना नुसत्या मातीवरून कळायचं. उंदीर मातीचा उकीर काढतो तो पिठासारखा बारीक, बिळाच्या तोंडाशीच. घुशीचं काम आडमाप. घराच्या पायाशी टोपलंभर माती लोटून ती मोकळी होते. खेकडा चिखलाच्या गोळ्या करून काठावर रचतो. साळिंदराच्या बिळात नखांचे ओरखडे दिसतात. अस्वल वारूळ फोडतं ते जुनं भांडण काढल्यासारखं. माणूस तेवढा आधी नारळ फोडतो आणि मग वाट्टेल तिथं खोदतो, असं ते हसत म्हणायचे. डोणगावच्या आसपास कुणाच्या भिंतीशी बीळ निघालं की माणिकरावांना बोलावणं ठरलेलं.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. त्या उन्हाळ्यात त्यांनी मळ्यात नवी विहीर काढायला घेतली. खाली त्यांचा धाकटा भाऊ अर्जुन टिकाव चालवायचा, वरून डोणगावचा शकूर दोरानं माती ओढायचा. शकूर पिढीजात विहीर खोदणारा. वेळ पडली तर कबरही खोदायचा. पांढऱ्या भुसभुशीत मातीचा थर लागला तेव्हा कडेला लाकडं लावायची असं ठरलं. लाकडं आणायला गाडी गेली आणि ती परत येण्याआधी दरड कोसळली. अर्जुन खालीच होता.

गाव फावडी घेऊन धावला. पण जेवढी माती काढावी तेवढी कडेची आत यायची. आणखी कुणाचा जीव जायला नको म्हणून शेवटी पंचांनी विहीर बुजवायला लावली. पहिलं घमेलं माणिकरावांनी टाकलं आणि मग बांधावर बसून ते लहान मुलासारखे रडले.

प्रेत हाती लागलं नाही की पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि तेरवी उरकायची, हा रिवाज. मृगाच्या आधी हे होऊन जावं असं सगळ्यांचं म्हणणं. अडलं ते अर्जुनच्या बायकोपाशी. झुंबरबाई मळ्याच्या एका टोकाला खोपीत राहायची, माणिकरावांचं घर दुसऱ्या टोकाला, विहीर मधोमध. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, ती थेट बोलत नसे. पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून थोरल्या जावेला, माणिकरावांच्या बायकोला बनाबाईला म्हणाली, "बाई, पानाले जाळून म्या रांड काऊन व्हावं? त्याईचं आंग दाखवा, मंग कुकू पुसीन."

माणिकरावांना झोप लागेना. भाऊ ना धड जमिनीत, ना धड स्वर्गात, आणि त्याची बायको ना सवाशीण ना विधवा. हे सगळं त्यांच्याच विहिरीपायी झालं होतं.

महिना उलटून गेल्यावर मळ्यात पहिलं बीळ निघालं. विहीर आणि खोप यांच्यामध्ये, घागर जाईल एवढं तोंड. माणिकराव उकिडवे बसले. नखांचे ओरखडे नव्हते, लेंडी नव्हती, केस नव्हता. आणि उकीरही नव्हता. चिमूटभर माती बाहेर नव्हती.

माती बाहेर नाही म्हणजे ती आत पडली. म्हणजे खोदणारं खालून वर आलं होतं. एवढा हिशेब त्यांना जमत होता, पण तो त्यांना आवडला नाही.

थोड्याच दिवसांत दुसरं बीळ निघालं, खोपीच्या आणखी जवळ. त्यांनी शकूरला बोलावलं आणि दोघांनी विहिरीपासून सुतळी ताणली. दोन्ही बिळं सुतळीखाली आली आणि सुतळी सरळ झुंबरबाईच्या दाराशी गेली.

"धूर देऊ," माणिकराव म्हणाले. बिळात काही असलं की मिरच्यांचा धूर द्यायचा, म्हणजे ते दुसऱ्या तोंडानं पळतं. घुशीसाठी सगळेच करतात. पहिल्या बिळाशी गोवऱ्या पेटवून वर सुक्या मिरच्या टाकल्या. शकूर सुपानं वारा घालू लागला. धूर निमूट आत जात राहिला. बराच वेळ कुठून काही निघालं नाही.

मग जमिनीखाली कुणीतरी खोकलं.

आधी दबकं, मग ठसका लागल्यासारखं, आणि शेवटी माणूस घसा खाकरतो तसं. भर दुपार होती. शकूरच्या हातातलं सूप थांबलं.

"माणिकभाऊ, खोदू. आत्ताच्या आत्ता."

"साळिंदर बी खोकलते."

"मले सांगता?"

"महिन्यावर झालं बे. ना दाना, ना पानी. खाली कोन जित्तं राह्यते?"

"जित्तं हाय असं म्या कुठी म्हनलं?" शकूर हळू आवाजात म्हणाला. "येऊन राह्यलं, एवढंच म्हनून राह्यलो."

माणिकरावांनी विस्तवावर माती लोटली. त्यांना भीती वाटली होती आणि भीतीपेक्षा लाज जास्त. डोंगर पोखरून उंदीर निघाला तर लोक हसतील, हे त्यांनी शकूरला सांगितलं. उंदीर नाही निघाला तर काय, हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्याच दिवशी पंच बसले. पाचामुखी परमेश्वर. बुजवलेल्या विहिरीवर पळसाच्या पानांचा माणूस निजवला आणि थोरला भाऊ म्हणून माणिकरावांनी अग्नी दिला. ओली पानं बराच वेळ फुसफुसत होती. बायांनी झुंबरबाईच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही. नेहमीसारखी भिंतीकडे वळून म्हणाली, "बाई, ते घरी येऊन राह्यले होते. आता कोनाकडे जातीन?"

खोपीच्या बाजूला नंतर एकही बीळ निघालं नाही. होती ती माणिकरावांनी दगड घालून बुजवली. त्यांना जेवण जाऊ लागलं, झोप लागू लागली. आपण केलं ते बरोबरच केलं, असं ते बनाबाईला दोनदा म्हणाले.

तेरवी झाली आणि एका सकाळी त्यांना निंबाखाली बीळ दिसलं. विहिरीच्या अलीकडे, खोपीच्या उलट अंगाला.

उकीर नव्हता. तोंडाची माती काळी पडली होती आणि बोट लावलं तर भाजक्या मडक्यासारखी कडक लागली.

शकूर नव्हता, म्हणून सुतळीचं एक टोक त्यांनी विहिरीवरच्या दगडाला बांधलं, बिळावरून आणलं आणि पुढे चालत राहिले. सुतळी संपली तेव्हा ते स्वतःच्या घराच्या पायरीशी उभे होते.

आत बनाबाई माजघर सारवत होती.

"इकडे या बरं," ती म्हणाली. "सकायपासून इथंच सारवून राह्यली. हात फिरवला का वायते. भुई तापली वाट्टे."

माणिकराव खाली बसले. त्यांनी तळहात टेकवला. भुई तापाच्या माणसाच्या कपाळाएवढी गरम होती.

हाताखाली, आतल्या अंगानं, मातीचा एक पोपडा सुटला आणि खूप खाली जाऊन पडला.