जागल्या उशी

मिरजेत माणसाला दुखणं व्हायच्या आधी त्यावरचा डॉक्टर तयार असतो, असं विद्याधर पाटणकर म्हणत. त्यांचं स्वतःचं दुखणं मात्र त्यांना कधी ऐकू आलं नव्हतं. ते घोरत, ऐकायचं खातं हेमलताबाईंकडे होतं. घोरणं चालू असलं की त्या निश्चिंत. मध्येच थांबलं की उठून बसत आणि नवऱ्याला गदागदा हलवून श्वास चालू करून देत.

“निद्राश्वासरोध,” डॉ. तांबोळी म्हणाले. “झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट बुजते. श्वास अडला की मेंदू दचकून जागा होतो, माणसाला पत्ताही नसतो. रात्रभर हेच चाललं की रक्तदाब चढतो, हृदय थकतं, दिवसा डोळे मिटतात.”

“व्याख्यानात मिटतात ते वेगळे ना?” हेमलताबाईंनी विचारलं.

अशा दुखण्यावर रात्रभर नाकाला लावायचा हवेचा मुखवटा आता मागे पडला होता. डॉक्टरांनी ‘जागल्या’ दिली. ही उशी डोक्याखाली राहून श्वास ऐके. तो थांबला की एका बाजूने फुगून मान वळवी आणि घसा मोकळा करी. घोरण्यावर उलट्या ध्वनिलहरी सोडून ती आवाजही पुसून टाकी.

विद्याधरराव टवटवीत झाले आणि हेमलताबाईंची झोप उडाली. इतकं शांत पडलेलं माणूस त्यांनी फक्त तिरडीवर पाहिलं होतं.

मग डॉक्टरांनी त्यांच्यासाठी दुसरी उशी दिली, ‘साथ’. एकदा डोकं टेकलं की ती तासन्‌तास विद्याधररावांच्या जुन्या ध्वनिमुद्रणावरून बेतलेलं घोरणं ऐकवी. सूर तोच, फक्त मध्ये खंड नाही.

“नवऱ्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती,” विद्याधरराव म्हणाले.

उन्हं तापली तशा हेमलताबाईंनी शिरस्त्याप्रमाणे गाद्या-उशा गच्चीत टाकल्या. आत यंत्र असलं म्हणून काय झालं, उशीला ऊन हे दाखवावंच लागतं. संध्याकाळी धुतलेले अभ्रे चढवून त्यांनी दोन्ही उशा जागच्या जागी ठेवल्या. दिसायला दोन्ही सारख्याच.

त्यानंतर हेमलताबाईंना लग्नानंतर कधी लागली नव्हती अशी झोप लागू लागली. विद्याधरराव मात्र न्हाव्याच्या खुर्चीत पेंगले, हातात घास तसाच धरून पेंगले.

“रात्री झोप नीट लागत नाही गं.”

“काहीतरीच. मी ऐकते ना रोज.”

रविवारी जेवणं उरकून दोघं आडवी झाली. हेमलताबाईंना जाग आली ती कुणीतरी मान वळवल्यामुळे. कानाखाली हात घालून, हळूच, पण ऐकून न घेता. शेजारी घोरणं एका लयीत चालू होतं. त्या कुशीवर वळल्या. विद्याधररावांचे ओठ काळसर पडले होते. छातीवरचा बनियन हलत नव्हता. घोरणं चालूच होतं.

“अहो. अहो, उठा.”

तिसऱ्यांदा हलवल्यावर त्यांनी पाण्यातून वर आल्यासारखा श्वास ओढला आणि उठून भिंतीला टेकले. त्यांच्या मागे, रिकाम्या उशीवर, ते अजून घोरत होते.

“उशा बदलल्या,” हेमलताबाई म्हणाल्या. “माझ्याच हातून.”

त्यांनी आधी श्वास सावरला. मग म्हणाले, “म्हणजे जागल्या तुझ्या डोक्याखाली होती. तुला जाग कशाने आली?”

“तिने मान वळवली माझी.”

“श्वास थांबल्याशिवाय ती वळवत नाही.”

“मला काय धाड भरली आहे? मी तर घोरतही नाही.”

“हे तुला कोणी सांगितलं?” विद्याधररावांनी विचारलं. “मी तर झोपलेलो असायचो.”

हेमलताबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. रविवार असल्याने तो बंद होता. जागल्या दोघांच्या मध्ये पडली होती. तिला कुणाचाच श्वास सापडत नव्हता. ती फुगे, वळे, थांबे आणि पुन्हा फुगे.

“पाळीपाळीने झोपू,” विद्याधरराव जड जिभेने म्हणाले. “आधी तू.”

हेमलताबाई जागल्या डोक्याखाली घेऊन त्यांच्याकडे पाठ करून आडव्या झाल्या.

“आणि तुम्ही जागे राहाल?”

पाठीमागून घोरणं ऐकू आलं. ते उशीचं होतं की त्यांचं?